एका गुणाचा अलंकार

बोर्डाचा इंग्रजीचा पेपर झाला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस तरी एकच वाद चालतो. कवितेच्या त्या ओळीत अलंकार कोणता, पर्सॉनिफिकेशन (निर्जीवाला माणूस करणं) की मेटाफर (रूपक)? एक जण गाईड उघडून दाखवतो, दुसरा दुसरं गाईड उघडतो, तिसरा म्हणतो, कशाला भांडता, मॉडरेटरच्या मीटिंगमध्ये ठरेल आणि दोन्ही उत्तरांना गुण देतील. यंदा मात्र गाडी जरा पुढे गेली. एका तरुण सहकाऱ्यानं चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं की हे अलंकारांचं लोढणं इंग्रजीतून काढूनच टाकायला हवं. पोरांना धड चार वाक्यं बोलता येत नाहीत आणि आपण त्यांना सिनेक्डकी, म्हणजे भागावरून पूर्ण वस्तू सांगणारा अलंकार, विचारतोय. त्यावर आमच्या एक ज्येष्ठ बाई उसळल्या. मग पुस्तकात कविता तरी कशाला ठेवता, एसटीचं टाइमटेबल छापा, म्हणाल्या. दोघांनाही टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की वाद संपतो, तसा तोही संपला.

मला दोघांचंही पटलं नाही. माझं म्हणणं असं की अलंकार इंग्रजीच्या वर्गात राहायलाच हवेत, आज आहेत त्याहून जास्त गंभीरपणे राहायला हवेत. पण नुसतं नाव ओळखल्याबद्दल गुण देणं बंद व्हायला हवं. हे दोन्ही बाजूंना तोंड वेंगाडून दाखवणारं मधलं मत वाटेल, पण ते तसं नाही. ‘काढा’ म्हणणारे आणि ‘ठेवा’ म्हणणारे दोघंही मुळात एकच गोष्ट गृहीत धरतात: अलंकार म्हणजे कवितेच्या अंगावर नंतर घातलेला दागिना. एकाला तो उतरवून ठेवायचाय, दुसऱ्याला मोजून तिजोरीत टाकायचाय. दागिना हे गृहीतकच चुकीचं असेल तर दोघांचंही भांडण हवेत आहे.

आपण शिकवतो कसं, ते आधी पाहू. दहावीच्या इंग्रजी रसग्रहणाला मुद्दे ठरलेले आहेत: शीर्षक, कवी, यमकरचना, आवडती ओळ, मध्यवर्ती कल्पना, कोणताही एक अलंकार. बारावीत ओळ देऊन अलंकार ओळखायला आणि स्पष्ट करायला सांगतात. ‘स्पष्ट करा’ आहे ना, मग अडचण काय? अडचण अशी की स्पष्टीकरणही छापील झालंय. एखादा शब्द दोनदा आला की रिपीटिशन, आणि पुढे ठरलेलं वाक्य: ‘द वर्ड इज रिपीटेड फॉर पोएटिक इफेक्ट.’ कुठला इफेक्ट? कुणावर? हे विचारायची सोय नाही, कारण उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण मिळालेले आहेत. लाइक किंवा ॲज दिसलं की सिमिली, म्हणजे उपमा, हा दुसरा मंत्र. त्या मंत्रावर भरवसा ठेवून माझ्या एका विद्यार्थ्यानं ‘आय लाइक मँगोज’मध्ये सिमिली शोधली होती. मी हसलो खरा, पण मंत्र मीच दिला होता.

सगळ्यात बोलका नमुना इन्व्हर्जनचा, म्हणजे शब्दांचा नेहमीचा क्रम फिरवण्याचा. ओळीत दुसरं काहीच सापडेना की इन्व्हर्जन, हे आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची बर्फातल्या रानाची कविता घ्या, १९२३ सालची. पहिली ओळ: ‘हूज वुड्स दीज आर आय थिंक आय नो.’ उत्तर ठरलेलं: ‘इन्व्हर्जन. द करेक्ट प्रोज ऑर्डर इज, आय थिंक आय नो हूज वुड्स दीज आर.’ करेक्ट! म्हणजे फ्रॉस्टचं चुकलं होतं, ते आपल्या दहावी-बारावीच्या पोरांनी दरवर्षी दुरुस्त करून द्यायचं. आता ती ओळ मोठ्यानं वाचून बघा. बर्फात घोडागाडी थांबवलेल्या माणसासमोर आधी रान येतं. मग ते कुणाचं तरी आहे ही जाणीव येते. मालक कोण याचा अंदाज शेवटी येतो, तोही चाचरत: मला वाटतं, मला माहीत आहे. दुरुस्त केलेल्या वाक्यात हा माणूस आधी ‘मी’ म्हणतो आणि रान शेवटी ढकलतो. म्हणजे वाक्य सरळ झालं आणि माणूस बदलला. शब्दांचा क्रम हा इथे दागिना नाही, तो त्या माणसाच्या डोळ्यांचा क्रम आहे. हे मराठी मुलाला समजायला जड का जावं? आईनं हाक मारल्यावर तो दारातून ‘मी आलो’ म्हणत नाही, ‘आलो मी!’ म्हणतो. दोन्हींतला फरक त्याला पाळण्यात असल्यापासून कळतो. मराठीत क्रम सैल असल्यामुळे आपण तो सहज फिरवतो. इंग्रजीत तो आवळलेला, म्हणून तिथे फिरवायला किंमत मोजावी लागते. एवढं सांगायला दहा मिनिटं लागतात. ‘करेक्ट प्रोज ऑर्डर’ लिहून घ्यायला दोन. आठ मिनिटं वाचवण्यासाठी आपण कविता देऊन बसलो.

आता ‘ठेवा’ पक्षाचा सगळ्यात जड मुद्दा. तो मी स्वतः अनेकदा मांडलेला आहे, त्यामुळे त्याची ताकद मला माहीत आहे. दरवर्षी १५ लाखांच्या वर मुलं दहावीला बसतात. त्यांतली कित्येक मुलं घरात इंग्रजी वाचणारी पहिलीच. त्यांना स्वतःच्या मनानं इंग्रजीत तीन वाक्यं लिहायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. उलट ‘सिमिली’ हा एक शब्द तो बरोबर लिहू शकतो, त्याला एक गुण मिळतो, तसे पाच-सात जमले तर पास होतो. तपासणाऱ्यालाही बरं: साताऱ्यातल्या आणि गोंदियातल्या परीक्षकानं एकच गुण द्यावा, याची खात्री राहते. ‘परिणाम सांगा’ असा प्रश्न घातला तर शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाची भाषा जिंकेल आणि वस्तीवरच्या मुलाचं निरीक्षण हरेल. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

पण त्याचा शेवट कुठे होतो ते बघा. गरीब मुलाला विचार करायला लावू नका, कारण तो गरीब आहे. शिडी म्हणून दिलेली वस्तू माळ्यापर्यंत पोचतच नसेल तर ती शिडी कसली? शिवाय न्याय्य तपासणी अशक्य आहे हेही खरं नाही. हेच बोर्ड मराठीच्या पेपरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं विचारतं आणि तपासतं. (तिथंही ‘कवीने साधी सोपी भाषा वापरली आहे’ हे वाक्य सगळ्या कवींना चिकटवलं जातं, हे मान्य. साधी भाषा न वापरणाऱ्यांनासुद्धा.) इंग्रजीत प्रश्न असा घालता येईल: कवितेतली ओळ आणि तिचं सरळ केलेलं रूप, दोन्ही शेजारी छापा आणि विचारा, तू कोणती ठेवशील, कुठल्या शब्दामुळे? गुण त्या शब्दावर बोट ठेवण्याला. त्यासाठी इंग्रजीची दोन मोडकी वाक्यं पुरतात, आणि व्याकरणाची तपासणी पेपरात इतरत्र होतेच आहे.

ज्येष्ठ बाईंनी त्या दिवशी शेक्सपिअरचं नाव घेतलं होतं. त्यानंही शाळेत अलंकार घोकलेच होते, म्हणाल्या. हे खरं आहे. स्ट्रॅटफर्डच्या शाळेचं त्या काळचं हजेरीपुस्तक उरलेलं नाही, पण तो तिथंच शिकला असं अभ्यासक मानतात आणि तशा शाळांत काय शिकवत, हे चांगलं माहीत आहे. लॅटिन अलंकारांच्या लांबच लांब याद्या होत्या, पाठांतर होतं, छडीही होती. पण बाईंनी अर्धीच गोष्ट सांगितली. त्या शाळांवर इरॅस्मस या डच विद्वानाच्या १५१२ सालच्या एका पाठ्यपुस्तकाची छाप होती. त्यात ‘तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला’ एवढ्या साध्या वाक्याची त्यानं शंभरावर रूपं करून दाखवली आहेत. मुलांनीही तसं करायचं: हेच वाक्य उपमा घालून, अतिशयोक्ती करून, उलटं म्हणून लिहायचं. सुताराच्या पोराला रंधा आणि पटाशी ही नावं पाठ असतात, ती हातात अवजार असताना पाठ झालेली असतात. चित्रातली पटाशी ओळखल्याबद्दल त्याला कुणी मजुरी देत नाही. आपण शेक्सपिअरच्या शाळेतली यादी उचलली आणि काम सोडून दिलं.

त्याच काळातल्या जॉर्ज पटनम या इंग्रज लेखकाचं मला फार कौतुक वाटतं. १५८९ साली त्याचा काव्यावरचा ग्रंथ आला. ग्रीक नावं आपल्या लोकांना परकी वाटतात म्हणून त्यानं अलंकारांना घरगुती इंग्रजी नावं ठेवली. आयरनी म्हणजे ‘कोरडी थट्टा’, हायपरबोली, आपली अतिशयोक्ती, म्हणजे ‘मोठ्यानं खोटं बोलणारा’. बहुतेक नावं टिकली नाहीत, पण त्यामागची बुद्धी बघा: नाव असं हवं की ते ऐकताच अलंकार काय करतो हे कळावं. मी एका वर्षी नववीच्या वर्गात हा खेळ केला. युफेमिझमला, म्हणजे कडू गोष्ट गोड शब्दांत सांगण्याला, एका मुलीनं ‘साखरेत बुडवलेली गोळी’ म्हटलं. व्याख्या पाठ करून हे येत नाही.

खरं तर यासाठी इंग्लंडपर्यंत जायचीही गरज नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या शतकांत ते वाढत वाढत अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात शंभराच्या वर गेले. पोटभेदांचे पोटभेद झाले. आणि या वाटेच्या मध्यावरच, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनानं सगळ्या मोजदादीला अडवणारा प्रश्न विचारून ठेवला होता. त्याला हवा असलेला अलंकार ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’, म्हणजे ज्यासाठी कवीला वेगळी खटपट करावी लागत नाही, रसाच्या ओघातच जो येतो. विरहाच्या कवितेत कुणी यमकांची आतषबाजी करू लागला तर ते त्याला खटकतं. इथे अलंकार कोणता, हा प्रश्न मागे पडतो आणि तो इथे काय करतोय, हा पुढे येतो. इतकी जुनी समज घरात असताना आपण इंग्रजीच्या तासाला ‘फॉर पोएटिक इफेक्ट’वर भागवतो.

आणखी एक गोष्ट आपण घरीच विसरून येतो. मराठी व्याकरणात उपमेचे चार भाग शिकवतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. इंग्रजीच्या वर्गात मुलाच्या हाती फक्त चौथा भाग येतो, लाइक किंवा ॲज. इंग्रजीत तर पहिल्या दोन भागांना सुटसुटीत नावंही बराच काळ नव्हती. टेनर आणि व्हेइकल ही नावं आय. ए. रिचर्ड्झ या इंग्रज समीक्षकानं १९३६ मध्ये दिली. आपल्या नववीतल्या पोराकडे ती आधीपासून आहेत, पण मराठीचा तास संपल्यावर दप्तरात जातात. आणि खरी गंमत तिसऱ्या भागात, साधारण धर्मात आहे. दोन गोष्टींत सारखं नक्की काय? ते ओळीत सांगितलंय की वाचणाऱ्यावर सोडलंय? सोडलं असेल तर तू काय भरलंस? एवढे प्रश्न विचारले तर उपमा जिवंत होते.

आता ‘काढा’ पक्ष. त्याचंही बळ मी कमी लेखत नाही. आमच्या गावातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांना इंग्रजी लागतं ते फॉर्म भरायला, मुलाखतीला, कंपनीच्या ईमेलला. सिनेक्डकी न आल्यामुळे कुणाची नोकरी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण नोकरी जाते तेव्हा पत्रात काय लिहिलेलं असतं? ‘वुई आर लेटिंग यू गो.’ जणू माणूस केव्हाचा उंबऱ्यात पिशवी घेऊन उभा होता आणि कंपनीनं मोठ्या मनानं त्याला जाऊ दिलं. त्या पत्रातलं व्याकरण सोपं आहे, शब्द पाचवीतले आहेत. ते वाचायला लागतं ते फक्त युफेमिझम ओळखणारं डोकं. कामापुरतं इंग्रजी, कामापुरतं इंग्रजी म्हणताना आपण समजतो की कामाची भाषा सरळ असते. ती सगळ्यात वाकडी असते. आठ-आठ तास वीज गेली तेव्हा आपल्याला मिळालेला शब्द होता ‘भारनियमन’. त्यात अंधार कुठेच नाही. नियम आहे, शिस्त आहे.

माणदेशासारख्या दुष्काळी भागात नोकरी केलेल्या माणसाला उपमा आणि रूपक यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. सदृश! सम, समान, सदृश, जसा, परी: व्याकरणाच्या पुस्तकातल्या साम्यवाचक शब्दांच्या यादीतला अस्सल शब्द. म्हणजे विहिरी कोरड्या, जनावरं दावणीला हंबरतायत, आणि शासन म्हणतं, हे दुष्काळासारखं आहे. आठवड्याभरात १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर झाला. सदृश गेला, उपमेची मधली भिंत पडली. मधल्या त्या आठवड्यात पारावर बसलेल्या माणसांनी त्या एका शब्दाचं जे रसग्रहण केलं, त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. फी माफी, कर्जवसुलीची स्थगिती, वीजबिलातली सवलत, या साऱ्याचा हिशोब त्या साम्यवाचक शब्दाच्या अलीकडे-पलीकडे होता. हे ज्याला कळतं, त्याला इंग्रजीतली सिमिली आणि मेटाफर यांतला फरक ‘लाइक-ॲज असेल तर, नसेल तर’ असा सांगणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान नाही का?

‘काढा’ पक्षात एक मवाळ गट आहे, तो म्हणतो, नावंबिवं नकोत, मुलांना कविता नुसती आनंदानं वाचू द्या. ऐकायला गोड आहे. पण हाही प्रयोग होऊन गेलाय. याच रिचर्ड्झनं केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या, मोकळेपणानं लिहा म्हणाला, आणि १९२९ मध्ये ती मतं छापली. देशातल्या उत्तम शाळांतून आलेली ती पोरं. कित्येकांना कवितेचा साधा अर्थसुद्धा लागला नव्हता. कुणी आपलीच आठवण कवितेवर लादली, कुणी ठरावीक भावनांची टोपी घालून मोकळा झाला, नामवंत कवींच्या ओळी फालतू ठरल्या. मोकळेपणा म्हणजे वाचन नव्हे, एवढं त्यातून दिसलं. कुठे बघायचं हे कुणीतरी दाखवावं लागतं, आणि अलंकारांची नावं ही बोट दाखवण्याची सोय आहे. म्हणून ती हवीत. अडचण येते ती बोटालाच चंद्र समजून गुण देतो तेव्हा.

इंग्लंडमधल्या शिक्षकांच्या तोंडी या रोगाला नावही आहे, ‘फीचर स्पॉटिंग’, म्हणजे अलंकार नुसते टिपत जाणं. तिथल्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत लेखक भाषेतून अर्थ आणि परिणाम कसे घडवतो याचं विश्लेषण मागतात, आणि परिभाषा वापरायची ती ‘योग्य तिथे’. लिहून ठेवलंय म्हणून रोग गेलेला नाही, तिथलेही शिक्षक कपाळाला हात लावतात. पण निदान गुण कशाला आहेत हे कागदावर तरी सरळ आहे.

आता माझीच एक फजिती सांगतो, कारण वर जे मी इतरांना सुनावलं त्यातला पहिला आरोपी मी आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, सेमी-इंग्रजीच्या वर्गात सरावासाठी वर्ड्स्वर्थची डॅफोडिल्सची कविता घेतली होती. ‘आय वाँडर्ड लोनली ॲज अ क्लाउड.’ मी फळ्यावर लिहिलं: सिमिली, कवीनं स्वतःची तुलना ढगाशी केली आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मेंढरं राखून शाळेत येणारा, इंग्रजी कच्चं. म्हणाला, “सर, एकटा ढग म्हंजी फसवा ढग. त्यो पडत न्हाई. आमच्याकडं एकटा ढग आला की म्हातारं म्हणतंय, ह्येच्या नादी लागू नगा. मग ह्यो कवी फसवा हाय का?” वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “बस खाली. ॲज आहे ना? मग सिमिली. लिहून घे.”

इंग्रज वाचकाला तो ढग बेफिकीर, तरंगणारा दिसत असेल. या मुलानं साधारण धर्माच्या जागी आपल्या आभाळातली गोष्ट भरली आणि सरळ कवीच्या खरेपणावर बोट ठेवलं. त्या कवितेची मागची हकिकत मी बऱ्याच उशिरा वाचली. ती फुलं वर्ड्स्वर्थनं पाहिली १५ एप्रिल १८०२ रोजी, अल्सवॉटरच्या काठी, सोसाट्याच्या वाऱ्यात. आणि तेव्हा तो एकटा नव्हता. बहीण डोरोथी बरोबर होती. तिनं आपल्या रोजनिशीत त्या फुलांचं नाचणं लिहून ठेवलंय. कविता दोनेक वर्षांनी झाली, आणि तिच्या पहिल्या ओळीतल्या त्या ढगानं बहिणीला अलगद पुसून टाकलं.

घटक चाचणीत मी ती ओळ विचारली होती. त्या मुलानं लिहिलं: ‘सिमिली. द पोएट कंपेअर्स हिमसेल्फ टू अ क्लाउड.’ मी एक पैकी एक गुण दिला.